जुना लेथ आणि मिलिंग: घरच्या वर्कशॉपसाठी घेताना नेमकं काय तपासायचं?

कानसवाला (धागाकर्ता)

घरच्या वर्कशॉपसाठी वापरलेला सेंटर लेथ (काम फिरवून कापणारं मशीन) घ्यायचा आहे. जमल्यास पाठोपाठ एक व्हर्टिकल मिलिंग (कटर फिरवून कापणारं मशीन). जागा ३ बाय ४.५ मीटर, तळमजला, काँक्रीटची जमीन, वीज सिंगल फेज. काम म्हणजे शाफ्ट, बुश, पुली, आटे पाडणं. व्यास फार तर १५० मिमी, लांबी ४०० मिमीच्या आत.

सध्या दोन लेथ समोर आहेत. दोन्हींची सेंटर हाइट (बेडपासून मध्यापर्यंतची उंची) १५० मिमी आणि दोन सेंटरमधलं अंतर ७५० मिमी. पहिला चालू आहे, नुकताच रंग दिलेला, बेड (ज्या रुळांवर सगळं सरकतं तो पाया) चकचकीत. दुसरा बरीच वर्षं बंद, वर गंजाचा थर, पण चक (काम धरणारा पंजा) आणि गिअरची पेटी सोबत आहे. बघायला जाताना काय घेऊन जायचं, कुठे बघायचं, आणि कुठला दोष दिसला की परत फिरायचं?

शून्यरेषा

सोबत न्यायचं सामान: ०.०१ मिमीचा डायल (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारं मापक) आणि मॅग्नेटिक स्टँड, ०–२५ चा मायक्रोमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च, चिंध्या, थोडं रॉकेल, २५ मिमीची सरळ सळई (माइल्ड स्टीलची एक, अॅल्युमिनियमची एक), स्वतः धार लावलेलं हायस्पीडचं टूल आणि दोन-तीन पाने. मालकाचं टूल वापरू नका. फिनिश खराब आलं तर दोष टूलचा की मशीनचा, यावरच तासभर जातो.

आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा. लेथमध्ये बेड आणि स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य शाफ्ट) हे दोनच भाग असे आहेत की ते गेले तर घरी बसून दुरुस्त होत नाहीत. क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचा) नट, जिब (सरकत्या भागाची ढिलाई काढणारी पट्टी), पट्टे, मोटर, हँडल, टूलपोस्ट हे सगळं बदलता येतं किंवा बनवता येतं. त्यामुळे पहिला अर्धा तास बेड आणि स्पिंडल सोडून कशालाही हात लावू नका.

बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. चकपासून पुढच्या २५०–३०० मिमीत सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) सगळ्यात जास्त फिरतं, तिथेच गरम कीस पडतो, तिथेच बीड (ओतीव लोखंड) खाल्लं जातं. टेलस्टॉककडचं (चकसमोरच्या आधाराकडचं) टोक बहुतेक वेळा नव्यासारखं असतं. म्हणून:

१. सॅडलचा लॉक बोल्ट चकजवळ असताना हलका आवळा, इतका की हाताला जेमतेम जाणवेल. मग हँडलने सॅडल टेलस्टॉककडे न्या. घट्ट होत होत अडकलं तर बेड चकजवळ झिजलाय. थोडं जड झालं पण सरकतंय, तर चालतं.

२. बेडच्या कडेला सॅडल जिथे टेकत नाही अशी अरुंद पट्टी असते. त्या कडेवरून नख फिरवा. ०.०३ मिमीची पायरीसुद्धा नखाला लागते. चकजवळ पायरी ठळक आणि लांब टोकाला नाहीशी, म्हणजे झीज कुठवर गेलीय ते कळलं.

३. टेलस्टॉक ज्या आतल्या रुळांवर बसतो ते वेगळे असतात आणि चकच्या बाजूला टेलस्टॉक क्वचितच येतो. डायलचा स्टँड सॅडलच्या पुढच्या (तुमच्या बाजूच्या) पंखावर लावा, टोक टेलस्टॉकच्या सपाट रुळावर टेकवा आणि सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मग स्टँड मागच्या पंखावर लावून तेच पुन्हा. दोन्ही आकडे लिहून ठेवा, फरक नंतर लागतो.

सॅडल लांब असतं, खड्ड्यावर पुलासारखं बसतं. त्यामुळे डायलवर दिसणारी झीज खऱ्या झिजेपेक्षा थोडी कमीच असते.

मोर्सटेपर

ताजा रंग हा दोष नाही, पण रंगाखाली तेलाची निपल बुजलेली दिसली तर समजायचं, रंग दिल्यापासून तिथे तेल गेलेलं नाही. आणि हँडलच्या डायलवरचे आकडे पुसून गेलेत, चकची चावी घालायची भोकं गोल झालीत, पण अंगावर रंग नवा कोरा, तर वयाबद्दल विश्वास डायलवर ठेवा.

बेडवर चंद्रकोरीसारखे स्क्रेपिंगचे ठसे दिसले की लोक खूश होतात. ते ठसे नुसते शोभेसाठी झिजलेल्या बेडवर नंतरही मारता येतात. ठसे चकजवळ पुसलेले आणि टोकाला ताजे असतील तर ते अस्सल. सगळीकडे सारखे ताजे असतील तर डायल लावून बघा.

हाफनट

स्पिंडलचं मी लिहितो.

चक काढायला लावा. मालक नको म्हणाला तर आग्रह धरा, चकखालीच सगळं दडलेलं असतं. स्पिंडल नोजचा (चक बसतो त्या टोकाचा) खांदा पुसून त्यावर डायल लावा आणि हाताने फिरवा. आतल्या टेपरवरही (निमुळत्या भोकावरही) तसंच. ०.०१ मिमीच्या आत असेल तर उत्तम. टेपरमध्ये ओरखडे असतील तर तो खडबडीतपणा काढता येतो, पण टेपरच मध्य सोडून फिरत असेल तर बेअरिंग किंवा वाकलेला स्पिंडल.

मग ढिलाई. ३५–४० मिमीची सळई चकमध्ये धरून ३०० मिमी बाहेर ठेवा. डायल हेडस्टॉकवर (स्पिंडल ज्या पेटीत बसतो तिच्यावर), टोक स्पिंडल नोजवर. आता सळईला खालून वर उचला, साधारण १५–२० किलोचा जोर. रोलर बेअरिंगच्या मशीनवर काटा ०.०१–०.०२ पेक्षा जास्त हलायला नको आणि सोडल्यावर शून्यावर परतायला हवा. ब्राँझच्या साध्या बेअरिंगला तेलाच्या थरासाठी जागा लागतेच, तिथे ०.०३ पर्यंत घाबरू नका. ०.०५ च्या वर गेलं तर आधी विचारा, अॅडजस्टमेंट शिल्लक आहे का. साध्या बेअरिंगच्या कॅपखाली पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) असतात, एकेक काढून फट कमी करतात. सगळ्या शिम आधीच काढलेल्या असतील तर पुढे जागा उरलेली नाही.

डायल तिथेच ठेवून आडवाही जोर द्या. शेवटी सळई मागे-पुढे ढकला. या दिशेला ०.०१ च्या वर हललं तर थ्रस्ट (लांबीच्या दिशेचा जोर घेणारा भाग) ढिला आहे, तो बहुतेक वेळा मागच्या नटने आवळता येतो.

मशीन चालू असेल तर सगळ्यात वरच्या स्पीडवर २० मिनिटं पळवा. हेडस्टॉक कोमट होणं चांगलं लक्षण. पुढच्या बेअरिंगजवळ हात ठेववत नसेल तर प्रीलोड (बेअरिंगची आवळण) जास्त आहे किंवा तेल पोचत नाही. मग एकेक गिअर लावत खालच्या स्पीडपर्यंत या. ठरावीक अंतराने टक्-टक् वाजलं तर दात तुटलेला. गुणगुण सलग असेल तर तो जुन्या सरळ दाताच्या गिअरचा स्वभाव, तिकडे दुर्लक्ष करा.

तीनजबडी चकमध्ये सळई ०.०८ ने फिरली म्हणून लेथ नाकारू नका. तो चकचा दोष, स्पिंडलचा नाही. चकसाठी वेगळं बघायचं: सळई धरल्यावर जबड्यांच्या पुढच्या टोकाशी ०.०५ ची फीलर पट्टी शिरते का? शिरली तर जबडे तोंडाशी फाकलेत, सळई फक्त मागे धरली जाते आणि लांब काम हलतं. जबड्यांवरचे १-२-३ आणि नंबर चकच्या अंगावरच्या नंबराशी जुळतात का तेही बघा. एक जबडा दुसऱ्याच चकचा असला तर मध्य कधीच येणार नाही.

कॅमलॉक नोज (चक कॅम फिरवून आवळायचं) असेल तर प्रत्येक कॅम घट्ट होताना त्याची खूण घड्याळातल्या ३ ते ६ च्या दरम्यान थांबायला हवी. पुढे जात असेल तर पिन एक फेरा फिरवून बसवतात. दोष छोटा आहे, पण तसाच ठेवून मशीन चालवू नका.

कानसवाला

पहिल्या लेथवर बघून आलो. शून्यरेषा यांच्या कृतीप्रमाणे पुढच्या पंखावर चकजवळ ०.०६ खाली, मागच्या पंखावर ०.०२. लॉक बोल्ट टेलस्टॉककडे घट्ट होतो, पण अडकत नाही. हे आकडे वाईट की बरे?

शून्यरेषा

आकडा नुसता वाचून कळत नाही, कामावर काय होईल ते काढावं लागतं.

सॅडल सरळ खाली बसलं तर फारसं बिघडत नाही. समजा टूल ०.१ मिमी खाली गेलं आणि काम २५ मिमी व्यासाचं आहे. त्रिज्या १२.५ चा वर्ग अधिक ०.१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे १२.५००४. व्यासात फरक ०.०००८ मिमी. विसरून जा.

त्रास देतं ते सॅडलचं पुढे कलणं. तुमच्याकडे पुढचा रूळ मागच्यापेक्षा ०.०४ ने जास्त खाली आहे. दोन रुळांत २०० मिमी धरू. टूलचं टोक बेडपासून १५० वर. म्हणजे टोक तुमच्या बाजूला ०.०४ × १५० ÷ २०० = ०.०३ सरकलं, व्यास ०.०६ ने वाढला. काम चकजवळ जाड आणि बाहेर बारीक येईल. ही झीज ३०० मिमीत पसरलेली आहे, त्यामुळे ४० मिमीच्या बुशवर तुम्हाला ०.०१ सुद्धा दिसणार नाही. ३०० मिमीचा शाफ्ट एका दमात ०.०२ च्या आत हवा असेल तर मात्र शेवटी पॉलिश पेपरने किंवा कानशीने काढावं लागेल. तुमच्या कामाच्या यादीला हा बेड चालेल.

एक सावधगिरी. पुढचा रूळ व्ही आकाराचा असेल तर त्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजते आणि सॅडल आडवंही सरकतं. ते या मापात येत नाही. ते कटिंग करूनच दिसतं: २५ मिमीची सळई १०० मिमी बाहेर, टेलस्टॉक न लावता, फीड ०.१, शेवटचा कट ०.१–०.१५ खोलीचा, मग दोन टोकं मोजा. त्याच मशीनवर एकदा पार्टिंग टूलने सळई कापून बघा. बेअरिंग, जिब, टूलपोस्ट यांपैकी जे ढिलं असेल ते पार्टिंग करताना किंचाळतं.

खडूची_पूड

भेगांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. बीड वाकत नाही, तडकतं. बघायच्या जागा: क्रॉस स्लाइड आणि कंपाउंडच्या (तिच्यावरच्या छोट्या स्लाइडच्या) टी-स्लॉटचे ओठ, टेलस्टॉकचा क्लॅम्प, बेडचे पाय जिथे बोल्ट येतात, हेडस्टॉकच्या बोल्टभोवती, गिअर कव्हरचे कान. मिलिंगवर टेबलाची टोकं आणि व्हाइस.

शंका असेल तिथे रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसा, खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तर रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. कव्हरवर ब्रेझिंग (पितळ वितळवून जोड) केलेलं असेल तर चालेल. बेडच्या पायात किंवा हेडस्टॉकच्या बोल्टजवळ असेल तर सोडून द्या.

गॅप बेड (मोठ्या व्यासासाठी चकजवळचा तुकडा निघणारा) असेल तर गॅपचा तुकडा कधी काढला होता का ते विचारा आणि जोडावरून डायल फिरवा. एकदा काढलेला तुकडा सहसा तसाच परत बसत नाही, ०.०२–०.०३ ची पायरी राहते, आणि सॅडल तिथून जाताना कामावर रेघ येते.

गिअरपेटी

आता जरा वेगळा सूर. इथे सगळे बेड मोजतायत, पण घरी आणल्यावर माणूस अडकतो तो न मिळालेल्या सामानात. चेंज गिअरचा (आट्याचं माप ठरवणाऱ्या गिअरचा) पूर्ण संच, फोरजॉ (चारजबडी) चक, फेसप्लेट (काम बोल्टने बसवायची तबकडी), स्टेडी (लांब कामाचा आधार), चकच्या चाव्या, उलटे जबडे. यातलं एकेक नंतर जमवायला गेलात तर मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत खर्च सहज जातो. चकचकीत पण सामानाविना लेथ आणि गंजका पण पेटीसकट लेथ यात मी पेटीकडे झुकेन.

चेंज गिअरमध्ये नेमकं काय हवं: लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा) इंचाचा (बहुतेक ८ आटे प्रति इंच) असेल आणि मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील तर १२७ दातांचा गिअर शोधा. २५.४ ला ५ ने गुणलं की १२७, त्याहून लहान पूर्णांकात हे गुणोत्तर नेमकं बसत नाही. १२७ चा गिअर मोठा असतो, काही मशीनच्या कव्हरमध्ये मावत नाही. तिथे ८०/६३ ची जोडी चालते. १.२७ ऐवजी १.२६९८ येतं, म्हणजे १०० मिमी लांबीत ०.०१२५ मिमी चूक. बोल्ट-नटला कळतही नाही. अचूक फीड स्क्रू करायचा असेल तर नको.

इंचाच्या लीड स्क्रूवर मिलिमीटरचा आटा पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा) मध्येच उघडायचा नाही. चेझिंग डायलवर (हाफ नट कधी लावायचा ते दाखवणाऱ्या) भरवसा ठेवून उघडलात तर पुढचा कट शेजारच्या आट्यात घुसतो. टूल बाहेर घ्या, मोटर उलटी फिरवून सॅडल मागे आणा.

हाफनट

सामानाचं पटलं, पण पेटी असली म्हणून झिजलेला बेड घ्यायचा नाही. गिअर बनतात, बेड बनत नाही.

लीड स्क्रूही बघा. हाफ नट लावून सॅडल हाताने मागे-पुढे करा, एकदा चकजवळ, एकदा टोकाला. ढिलाईत मोठा फरक असेल तर स्क्रू चकजवळ झिजलाय. नटाच्या आट्याचा माथा सपाट असतो, तो सुरीच्या धारेसारखा झाला असेल तर नट संपला. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूलाही हीच कसोटी. मात्र क्रॉस स्लाइडमध्ये ०.२ चा बॅकलॅश (हँडल उलटं फिरवताना जाणारी रिकामी हालचाल) असला तर कुरकुर करू नका, टूल नेहमी एकाच दिशेने आणायचं असतं. हँडल पाव फेरा फिरून काही हललं नाही, तर नवीन ब्राँझचा नट करावा लागेल.

तीन_फेज

मोटर. जुन्या लेथवर बहुधा थ्री फेज मोटर असते आणि सिंगल फेज घरात ती व्हीएफडीवर (वीज बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हवर) चालवतात. इथे चूक होते ती अशी.

सिंगल फेज २३० व्होल्टवर चालणारा साधा व्हीएफडी बाहेर थ्री फेज २३० च देतो, ४०० नाही. म्हणून मोटरची प्लेट वाचा. २३० डेल्टा / ४०० स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) लिहिलं असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील, तर पट्ट्या बदलून डेल्टा करा, झालं. प्लेटवर ४०० डेल्टा असेल तर ती मोटर २३० वर चालवू नका. व्होल्टेज ५८ टक्क्यांवर येतं, टॉर्क एक तृतीयांश उरतो, कट घेतला की मोटर थांबते आणि गरम होते. तीनच टोकं बाहेर असतील तर आतला स्टार जोड उघडून तीन वायर बाहेर काढाव्या लागतात, हे वाइंडिंग करणाऱ्याचं काम. दोन स्पीडची, पोल बदलणारी मोटर असेल तर सरळ नवी मोटर धरा.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये कुठलाही स्विच किंवा कॉन्टॅक्टर ठेवायचा नाही. जुना फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम स्विच फक्त व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. चालू करंट तोडला की आतले ट्रान्झिस्टर जातात. दुसरं, १.५ किलोवॉटचा व्हीएफडी सिंगल फेजवरून १५ अँपिअरच्या आसपास ओढतो, २.२ चा २० च्या वर. घरच्या साध्या सॉकेटवर नको, स्वतंत्र लाइन आणि पक्कं अर्थिंग हवं.

सेटिंग: मोटरचा रेटेड करंट प्लेटवरून, वेग वाढायला ३–५ सेकंद, थांबायलाही तेवढेच. २० हर्ट्झच्या खाली फार वेळ कट घेऊ नका, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो हळू फिरला की हवा मिळत नाही. कमी स्पीड आणि ताकद हवी तेव्हा बॅक गिअर लावा, त्यासाठीच तो असतो.

आणि स्पिंडल नोज आट्याचा असेल तर व्हीएफडीचा जोरदार ब्रेक किंवा अचानक रिव्हर्स लावू नका. चक स्वतःच्या वजनाने फिरत राहतो आणि आट्यावरून सुटून बाहेर येतो.

बंद मशीनची मोटर चालवण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) वाइंडिंग ते बॉडी मोजा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर ओलावा आहे. सुकवून पुन्हा मोजा, लगेच वीज देऊ नका.

कानसवाला

धन्यवाद, हे सोन्यासारखं आहे. गंजलेल्या लेथवर यातलं बरंचसं चालू करून बघता येणार नाही. तिथे कसं ठरवायचं? आणि मिलिंगचं?

मोर्सटेपर

गंज आणि झीज यांत गंज परवडतो. वरवरचा लाल गंज तेल आणि नायलॉनचा हिरवा पॅड घेऊन निघतो, खाली काळे डाग राहतात, त्यांनी माप बिघडत नाही. नखाला लागतील असे खड्डे पडलेत का, ते बघायचं. थोडे सुटे खड्डे असले तरी सॅडल त्यावरून तरंगत जातं, उलट त्यात तेल साठतं. बेडवर एमरी पेपर मात्र मारू नका. त्याचे कठीण कण बिडात रुततात आणि नंतर सॅडललाच खातात.

बंद मशीनवर डायलच्या सगळ्या कसोट्या हाताने फिरवूनही होतात, फक्त आवाज आणि उष्णता कळत नाही. आधी रुळांवरचा गंज मोजायच्या पट्टीपुरता काढा. स्पिंडल हाताने फिरवताना खरखर लागली तर बेअरिंगमध्ये पाणी गेलंय. अडकलेला चक किंवा टेलस्टॉकचा बॅरल तेल सोडून दोन दिवस ठेवला की सुटतो, हातोडा नको.

सुटे लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, १२ व्होल्ट डीसीवर, इलेक्ट्रोलिसिसने साफ होतात. लिटरला एक मोठा चमचा सोडा. निगेटिव्ह भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेसचा पत्रा वापरायचा नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर करा.

उभा_कटर

मिलिंग.

टेबल सगळ्यात जास्त मध्यावर वापरलं जातं, म्हणून लांबीचा स्क्रू मध्येच झिजतो. मध्यावर जिब नीट बसवा आणि टेबल टोकाला न्या. जड झालं तर झीज आहे. मग टेबल एका टोकाला लांब काढा, डायल स्पिंडलला लावून टोक टेबलावर टेकवा आणि बाहेर आलेलं टोक हाताने उचला. ०.०३ च्या आत ठीक, ०.०८ असेल तर जिबने भागणार नाही.

लेथवर बॅकलॅश सहन होतो, मिलिंगवर तो धोक्याचा. डाउन कट (कटरचे दात आणि काम एकाच दिशेने) घेताना कटर कामाला पुढे ओढतो, स्क्रूमध्ये अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल तर टेबल तेवढं झटक्याने पुढे जातं आणि कटर तुटतो. बॅकलॅश आवळायचा नट आहे का आणि त्यात आवळायला जागा उरलीय का ते बघा. नसेल तर कायम अप कट (काम कटरच्या दातांविरुद्ध).

क्विल (स्पिंडलसकट वर-खाली होणारी नळी) पूर्ण खाली काढून चारी बाजूंनी ढकला. मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे ०.०२–०.०३ पर्यंत चालतं. टेबलावर ड्रिलची भोकं दिसली तर चालवणारा निष्काळजी होता इतकंच कळतं, अचूकपणा त्याने फारसा जात नाही, पण तेल कुणी घातलं असेल का याची शंका येते. नीच्या (टेबल वर-खाली नेणाऱ्या भागाच्या) आणि कॉलमच्या (खांबाच्या) रुळांवर तेल उतरतंय का ते लिव्हर ओढून बघा.

स्पिंडलचा टेपर आधी विचारा, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते. आर८ ला ७/१६ इंच, २० आट्यांचा ड्रॉबार (टेपर आत ओढणारा लांब बोल्ट) लागतो, आयएसओ ३० ला एम१२, आयएसओ ४० ला एम१६. दुर्मीळ टेपर असेल तर प्रत्येक कलेट (कटर धरणारी पकड) शोधत बसाल.

गोल खांबाचं मिल-ड्रिल स्वस्तात मिळतं. हेड वर-खाली केलं की ते फिरतं आणि शून्य हरवतं. लांब ड्रिल काढून छोटा कटर लावला की पुन्हा कड शोधा. माहीत असून घेतलं तर हरकत नाही.

ब्रिजपोर्टचं फिरत्या हेडचं मिलिंग १९३८ चं. त्याच्या नकला जगभर झाल्या, त्यामुळे त्या घराण्याचं कुठलंही घेतलं तरी सुटे भाग आणि माहिती दोन्ही मिळतं. वजन मात्र टनाच्या आसपास, आणि टेबल पूर्ण सरकवायला दोन्ही बाजूंना जागा हवी. ३ बाय ४.५ मध्ये कोपऱ्यात तिरकं लावा, टेबलाची टोकं दोन भिंतींकडे जातात आणि समोर उभं राहायला जागा मिळते.

गिअरपेटी

मिलिंगला जागा नसेल तर छोटा शेपर (टूल मागे-पुढे करून कापणारं मशीन) विसरू नका. सावकाश चालतो, पण एका टूलच्या तुकड्यावर सपाट पृष्ठभाग, की-वे, डोव्हटेल सगळं होतं. कटरचा खर्च जवळजवळ शून्य. फक्त रॅम (टूल धरणारा दांडा) मागेही सरकतो, तिथे उभं राहायचं नाही.

सरफेस ग्राइंडर मात्र जुना घेताना दहा वेळा विचार करा. त्याच्या रुळांत स्वतःचीच खर गेलेली असते.

पहार

मशीन ठरलं की न्यायचं कसं. बहुतेक अपघात इथे होतात.

तुम्ही म्हणता त्या मापाचा लेथ ५००–७०० किलोचा असतो, आणि बहुतांश वजन हेडस्टॉकच्या बाजूला आणि वरच्या भागात. पाया अरुंद. आडवा ढकलला की तो घसरत नाही, पडतो. सॅडल आणि टेलस्टॉक टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन लॉक करा, म्हणजे तोल मध्याकडे येतो. पायाखाली दोन जाड लाकडी ओंडके आडवे बोल्टने बसवा, ते पायापेक्षा दोन्ही बाजूंना २०० मिमी बाहेर असू देत. त्याखाली २५–३२ मिमीचे पाच पाइप, मागचा सुटला की पुढे घालायचा. पहारीने उचलताना एका वेळी २० मिमी, लगेच खाली पाचर. मशीनखाली हात कधीच नाही.

चेन ब्लॉकने उचलायचं असेल तर पट्टा बेडच्या फासळ्यांखालून घ्या. लीड स्क्रू आणि फीड रॉड पट्ट्याच्या आत येता कामा नयेत, ते वाकले की सरळ होत नाहीत. पट्ट्यात आणि त्यांच्यात लाकडाचा ठोकळा ठेवा.

मिलिंगचं टेबल पूर्ण खाली, नी आणि पायाच्या मध्ये लाकडाचा ठोकळा, आणि हेड फिरणारं असेल तर उलटं करून खाली. गुरुत्वमध्य चांगलाच खाली येतो.

कानसवाला

गंजलेल्यावर बघून आलो. चकजवळची पट्टी साफ करून मोजलं: पुढे ०.०२, मागे ०.०१. चक काढून टेपर ०.०१. सळई उचलल्यावर ०.०१. पेटीत १२७ चा गिअर आहे, एका लहान गिअरचे दोन दात गेलेत. क्रॉस स्लाइडचा हँडल जवळजवळ पाव फेरा रिकामा फिरतो. मोटर २३०/४००, सहा टोकं. हाच घ्यायचा म्हणतो.

हाफनट

घ्या. नट ब्राँझचा करून घ्या, गिअरही मिळेल. हेडस्टॉकचं जुनं तेल पूर्ण काढा, रॉकेलने आतून धुवा, तळाच्या गाळात चुंबक फिरवा. बारीक काळी पूड ठीक, चकाकणारे तुकडे आले तर कुठून आले ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ब्राँझचे बुश असतील तर गाड्यांचं गंधकवालं गिअर ऑइल टाकू नका, ते ब्राँझ काळं करून खातं. साधं हायड्रॉलिक ३२ किंवा ६८, बेडला ६८ चं स्लाइडवे ऑइल.

शून्यरेषा

बसवताना घाई नको. पाय जमिनीला आवळण्याआधी ०.०२ मिमी प्रति मीटरच्या लेव्हलने आडवं बघा, एकदा चकजवळ, एकदा टोकाला. बुडबुडा शून्यावर नसला तरी चालेल, दोन्ही ठिकाणी सारखा हवा. बेड पिळलेला असेल तर नवा लेथही टेपर कापतो, आणि तो टेपर झीज समजून लोक मशीनला नावं ठेवतात.

मग ३० मिमीच्या सळईवर १०० मिमी अंतराने दोन कॉलर ठेवून मधला भाग बारीक करा, टेलस्टॉक न लावता दोन्ही कॉलर एकाच सेटिंगवर ०.०५ च्या कटने घ्या. बाहेरची कॉलर जाड आली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय शिम घालून किंचित उचला, बारीक आली तर तिथला मागचा. ०.०५ ची शिम घातली की पुन्हा कट, पुन्हा माप. आठवड्याने परत तपासा, लाकडी पट्टी किंवा रबर पॅड खाली असेल तर ते दबलेलं असतं.